थोरल्याला बोटीवर धाडलेला निरोप

थोरला भाऊ बोटीवर फिरायला गेला तवा मला एक कागद देऊन गेला. त्याचं शिरूरला खताबियाण्याचं दुकान हाय. ज्यांनी लई माल खपवला त्या दुकानदारांना कंपनीनं बायकोसकट समुद्रात फिरवून आणायचं ठरवलं, त्यात ह्याचा नंबर लागला. जायच्या आधी कासुर्डीला आमच्या घरी आला, आईच्या पाया पडला आन् मला बाजूला घेऊन म्हणला, तिथं आत समुद्रात फोन लागत न्हाई. काय अडलंनडलं तर ह्या कागदावर समदं हाय. बोटीचं नाव, खोलीचा नंबर, बोटवाल्यांच्या ऑफिसचा फोन. हरवू नको.

मी हरवला न्हाई. एवढं तरी माझ्या बाजूनं धरा. मी तो जपून ठेवला. कुठं, ते इसरलो.

चौथ्या दिवशी सकाळी आई गोठ्यात शेणावरनं घसरली. चौफुल्याला दवाखान्यात नेली, फोटो काढला, खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणले, उद्या सकाळी आप्रेशन केलं तर पायावर उभी राहतील. लांबवाल तितकं अवघड होत जाईल, मग बाज सुटायची न्हाई. सही करा.

मी पेन घेतला. मला सही येती. लिहायला तेवढंच येतं, म्हणून मी ती लई हौसेनं करतो. आई म्हणली, "थोरल्याला इचारल्याबिगर मला सुरी लावायची न्हाई."

मी म्हणलो, आगं मी हाय की इथं, मीबी तुझाच हाय.

"तुझ्या सांगण्यावरनं मी शेळीबी इकायची न्हाई."

एकदा इकली होती माझ्या सांगण्यावरनं. भाकड हाय म्हणून मी इकायला लावली, आन् ती आठ दिवसात घेणाऱ्याच्या दारात तीन करडं व्याली. आईनं हे डॉक्टरला सांगितलं, नर्सबाईला सांगितलं, शेजारच्या खाटंवरच्या बाईलाबी सांगितलं. डॉक्टर म्हणले, त्या शुद्धीत हायत, त्यांची मर्जी नसंल तर आम्ही हात लावणार न्हाई. तुमच्या भावाला फोन लावा.

फोन लावला. बंद. वहिनीला लावला, बंद. व्हॉट्सॲपवर बोलून पाच निरोप धाडले, प्रत्येकाला एकेक टिक आली आन् तिथंच बसली. मग कागद आठवला.

घरी येऊन कपाट उचकलं, गाद्या उचकल्या, पिठाचा डबा उचकला. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणली, तुम्ही सांभाळून ठिवलेली वस्तू आजवर सापडली न्हाई. हरवली असती तर कवाच सापडली असती. तिचं बोलणं लागलं, पण त्यातनंच ध्यानात आलं. मी लाइटबिलं कुठं ठेवतो? विहिरीवर, मोटरीच्या पेटीत. का, तर तिथं मी रोज जातो. आता बिलं तिथं, तर समुद्राचा कागदबी तिथं. पेटी उघडली तर कागदावर पालीनं अंडी घातलेली. ती बाजूला सारली आन् आकडे वाचले. मला आकडे येतात, अक्षरं न्हाई येत.

बांधावरच बसून नंबर लावला. पलीकडं बाई. मी म्हणलो, हॅलो, मेरा माँ गिर गया. ती म्हणली, कौनसे जहाज से गिर गईं? मी म्हणलो, जहाज से नहीं, शेण से. पुढं अर्धा तास आमचं हेच चाललं. बोटीचं नाव इचारलं तर मी सांगितलं, बहुत बडा है, सफेद है. म्हणली, सगळ्याच तशा असतात. मग मी खोलीचा आकडा वाचला, निघाल्याची तारीख सांगितली, थोरल्याचं नाव सांगितलं. नातं इचारलं तर म्हणलो, मैं उसका छोटा है. तवा ती बाई म्हणली, "काका, मराठीत बोला, मी सातारची आहे."

अर्धा तास. अर्धा तास तिनं माझी हिंदी ऐकून घेतली, आन् आता म्हणं मराठीत बोला.

पण बाई भली. तिनं नीट समजावून सांगितलं. तिथं भोंग्यावर नाव पुकारत न्हाईत. आम्ही इथनं बोटीवरच्या ऑफिसला कळवतो, ते खोलीत फोन करतात. माणूस खोलीत नसंल तर दाराखालनं चिठ्ठी सारतात. चिठ्ठी वाचून ते बोटीवरचं नेट घेऊन तुम्हाला फोन लावतील. तर काका, चिठ्ठीत काय लिहायला सांगू?

आन् इथं मी डोकं चालवलं. न्हाई तिथं चालवलं.

मी इचार केला, पाय मोडलाय म्हणून कळवलं तर थोरला म्हणणार, बघंल धाकटा, आन् निवांत जेवायला जाणार. त्यानं तर लगेच फोन केला पायजे. म्हणून मी सांगितलं, लिहा, आई सिरियस हाय. मग वाटलं, एवढं वाचून घाबरंल, तर त्याखाली हेबी लिहा, काळजी करू नका, आम्ही समदे हावोत.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर आत्ताच कपाळाला हात लावला असंल. आमच्यात मयताचा निरोप कुणी सरळ देत न्हाई. बाप गेला तवा बहिणीला मीच फोन केला होता. आबांना जरा बरं न्हाई, काळजी करू नका, चहा पिऊन निघा. ती चहा पिली न्हाई, तिथंच रडायला लागली. सिरियस आन् काळजी करू नका, ही दोन एकामागं एक आली की आमच्याकडं माणूस पंचा खांद्यावर टाकूनच निघतो. मला हे माहीत होतं. माहीत असून मी तेच लिहायला लावलं.

दुपार गेली, फोन न्हाई. डॉक्टर दोनदा येऊन गेले. मी आईच्या उशाशी फोन चार्जिंगला लावला आन् चहा आणायला खाली उतरलो. वर आलो तर आईच्या छातीवर फोन, स्पीकर चालू, आन् त्यातनं थोरला हुंदके देत सांगत होता, "कुणी रडू नका. परवा बंदर लागतंय, मी उतरून येतो. तवर माती थांबवा. बर्फ आणा."

आई म्हणली, "कुणाची माती?"

तिकडचे हुंदके थांबले. मागं वहिनी रडत होती तीबी थांबली. मग थोरला दबकत म्हणला, कोण बोलतंय? आईनं त्याला कोण बोलतंय ते सांगितलं. त्याच्या बारशापास्नं सुरुवात केली, त्यानं लहानपणी कुणाच्या पेरूच्या बागंत मार खाल्ला तिथवर आणलं. तवा त्याची खात्री पटली.

मी फोन घेतला तर पहिल्यांदा त्यानं मला काय म्हणलं ते सांगता यायचं न्हाई. मग मी इचारलं, चिठ्ठी जाऊन इतका वेळ झाला, मग तू फोन का न्हाई केलास? म्हणला, "मेलेल्या माणसाला कसली घाई? आधी केस उतरवले, अंघोळ केली."

बोटीवर न्हावी असतो. थोरल्यानं त्याच्याकडनं डोकं भादरून घेतलं आन् मिशीबी. आई जिती असताना.

आईनं फोन माझ्या हातातनं ओढून घेतला. म्हणली, डॉक्टर उद्या पाय कापून सांधायचं म्हणतात, करू का? थोरला म्हणला, कर. एवढंच. ह्या एका शब्दासाठी मी दिवसभर पळत होतो. आईनं लगेच अंगठा दिला आन् डॉक्टरला म्हणली, लौकर उभी करा, मला त्याच्या आधी दारात जायचंय.

आप्रेशन चांगलं झालं. थोरला फिरणं पुरं करून आठवड्यानं आला तवा ती वॉकर धरून उंबऱ्यापाशी उभी होती. त्याच्या तुळतुळीत डोक्याकडं बघितलं, ओठाकडं बघितलं आन् वॉकरसकट माझ्याकडं वळली.

कंपनीनं बोटीवर काढलेला समद्या दुकानदारांचा फोटो आता शिरूरच्या दुकानात लावलाय. समदे टोप्या घालून हसतायत, मधी आमचा थोरला, तासलेला, डोळे सुजलेले. गिऱ्हाईक इचारतं, दादा, कोण गेलं होतं वो? मी दुकानात असलो की थोरला माझ्याकडं बोट करतो, आन् मला पहिल्यापास्नं समदं सांगावं लागतं.