गाडीतली बाई काय बोलली

सालोंगो काटेंडेचा उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, आणि ईस्टरपासून डावाही निघायच्या तयारीत होता. घरी कुणाला पत्ता लागला नाही. लागणार कसा? नवरा ऐकत नाही ही त्याच्या बायकोची तक्रार लग्नाइतकीच जुनी.

पण धंद्याचं काय? कंपालात जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आपला मेकॅनिक बरोबर नेतो, आणि सालोंगोला लोक नेत ते त्याच्या कानासाठी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मिनिटभरात इंजिनाच्या पोटातलं दुखणं सांगायचा. आता कानच जाताहेत म्हटल्यावर त्यानं थापा मारायला सुरुवात केली. कधी कंबर धरली, कधी मेव्हणीचं लग्न निघालं. गेल्या महिन्यात तर धडधाकट काकाला मारून त्याच्या मयताला गेला.

आणि मग एका सकाळी मुसावो नान्तोंगो दारात येऊन उभ्या राहिल्या. औषधपाणी करणाऱ्या कुणालाही आम्ही मुसावोच म्हणतो, पण या सुईणबाईंना म्हणताना लोक जरा वाकतात. त्यांच्यापुढे काका मारणं शक्य नव्हतं. जुळ्यांचा बाप झाला की आमच्याकडे त्याचं नाव मागे पडतं आणि तो सालोंगो होतो. तो मान याला त्यांच्याच हातून मिळालेला. "एकच आहे, एकच दुपटं आणा," असं त्यांनी सांगितलं होतं आणि झाल्या दोन पोरी. धाकटी नाकातो बापाच्या शर्टात गुंडाळून घरी आली. ही गोष्ट त्या घरात अजून हसून सांगतात.

"गाडी बघितलीय," मुसावो म्हणाल्या. "अडलेल्या बायकांना मोठ्या दवाखान्यात न्यायला. गेल्या वर्षी एक मोटारसायकलवरच गेली हो, माझ्या हातात. तुम्ही हो म्हणालात तर घेईन. नाहीतर नाही."

ओठ बघून सालोंगोला शब्द कळले होते. "येतो की," तो म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्याला वाटलं, अरे गाढवा, काय बोललास!

बोटीनं आलेल्या जपानी गाड्या ओळीनं लावून विकतात ते आवार, त्याला आम्ही बाँड म्हणतो. तिथला ब्बोसा हा विक्रेता म्हणजे तोंडात साखर आणि बुटांना आरशासारखं पॉलिश. "या या, मुसावो! सालोंगो, तुम्ही आलात म्हणजे माझ्या गाडीचं नशीब उघडलं. मक्याची कणसं मागवू?"

"आधी गाडी," मुसावो म्हणाल्या.

पांढरी, सात जणांची, धुऊनपुसून नवरीसारखी उभी. ब्बोसानं किल्ली फिरवली. सालोंगोनं डावा कान पुढे केला. तेवढ्यात ब्बोसा आणि मुसावो एकमेकांकडे बघून हसले. कशाला? त्याला कळेना. मग तोही हसला.

"ऐकलंत ना?" मुसावोंनी विचारलं.

"ऐकलं. छान आहे."

हे तो न ऐकताच बोलून गेला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला, इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. लांब कुठंतरी कुणी जाड पांघरुणाखाली घोरतंय, इतकंच. टोक दुसरीकडे टेकवलं. तेच घोरणं. इथं ठोका असला तर? आणि ही गाडी मध्यरस्त्यात बंद पडली, आत बाई कळा देत असली तर? दोन जीव, आणि दोन्ही माझ्या मानेवर. मुसावो त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी पर्स छातीशी धरली होती आणि एक बोट तिच्या चेनवर तयारच होतं.

वेळ काढायला म्हणून त्यानं जे दिसेल ते तपासायला घेतलं. तेल बोटांवर चोळलं. टायर दाबले. दारं उघडली, मिटली. ब्बोसाचा पाय हलायला लागला. शेवटी काहीच सुचेना तेव्हा तो पुढच्या सीटवर बसला आणि बांधायचा पट्टा ओढायला लागला. ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. आणि तिथंच थांबला.

पट्ट्याच्या आतल्या टोकाला आडवा लाल डाग होता, वाळलेल्या चिखलाचा.

"ही गाडी बुडालेली आहे," तो म्हणाला. "पाणी सीटपर्यंत चढलं होतं. गालिचे धुतलेत, पट्टा शेवटपर्यंत ओढायचा राहिला."

"काहीतरीच! जपानमध्ये काय पाऊस पडत नाही होय?"

"तिकडच्या मातीचा रंग मला नाही माहीत बाबा. हा रंग मला माहीत आहे." त्यानं स्वतःचा बूट वर केला. तळाला तीच लाल माती होती. "ही इकडच्याच कुठल्यातरी रस्त्यावर वापरलेली आहे. बोटीतून आत्ता उतरलेली नाही."

"आणि मग बाई कशी बोलली?" ब्बोसा ओरडला. तेवढं मात्र सालोंगोला ऐकू आलं. "तुमच्यासमोर बोलली! तुम्हीच छान म्हणालात!"

"कोण बाई?"

बोटीतून आलेल्या गाडीची किल्ली फिरवली की आतल्या यंत्रातून एक बाई जपानीत काहीतरी म्हणते. काय म्हणते ते इथं कुणाच्या बापाला कळत नाही, पण ती बोलली की गाडी ताजी, यावर अख्ख्या कंपालाचा विश्वास. कारण इकडचा माणूस आठवड्याभरात वैतागून तिची वायर तोडतो. तेच यंत्र ब्बोसानं दुसऱ्या गाडीतून काढून या गाडीत बसवलं होतं.

ब्बोसाच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. तो टाळी वाजवून हसला. "मुसावो, गाडीचा आवाज तपासायला बहिरा आणलात की हो!"

सालोंगोला अजूनही थाप मारता आली असती. थापांची आता चांगली सवय झाली होती. त्यानं मुसावोंकडे बघितलं.

"खरं आहे," तो म्हणाला. "मला बाई ऐकू आली नाही. इंजिनही ऐकू आलं नाही. पट्टा सापडला तो नशिबानं. नसता सापडला तर मी तुम्हाला घ्या म्हणालो असतो, मुसावो. लाजेपायी म्हणालो असतो." त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "दुसऱ्या कुणाला न्या. मला पुन्हा विचारू नका."

त्याचा दंड धरून मुसावो बाँडच्या फाटकाबाहेर आल्या आणि डाव्या बाजूला, अगदी कानाशी उभ्या राहिल्या.

"तुमच्या नाकातोच्या वेळी मी नवी होते," त्या सावकाश म्हणाल्या. "पोटाला ऐकायची नळी लावली तेव्हा मला दोन ठोके वाटले. खात्री नव्हती. मला शिकवणाऱ्या मोठ्या मुसावो शेजारीच होत्या, पण मला नीट ऐकू येत नाही असं कसं म्हणायचं? एकच आहे म्हणून सांगितलं. दुसरीची कुणी तयारीच ठेवली नाही. निळी पडून आली होती ती, सालोंगो. किती वेळ रडली नाही ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही शर्टाची गोष्ट हसून सांगता ना, तेव्हा मी उठून बाहेर जाते."

सालोंगोला सगळे शब्द कळले होते. एकही ओठांवरून ओळखावा लागला नव्हता.

मुसावोंनी पर्स उघडली. पैशांच्या पाकिटाच्या खालून त्यांनी लाकडी नळी काढली, एका तोंडाला रुंद, बायकांच्या पोटाला लावतात ती, हातांनी गुळगुळीत झालेली.

"पलीकडच्या बाँडमध्ये एक निळी गाडी आहे," त्या म्हणाल्या. "इंजिनावर नळी कुठं ठेवायची ते तुम्ही दाखवा. काय ऐकू येतं ते मी सांगते."

"आणि कळलं नाही तर?"

"तर कळलं नाही म्हणून सांगेन," मुसावो म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला त्यांनी त्याचा हात धरला.