बूट न झाडता

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. बत्तीस वर्षं. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, झाकण उघडा, आकडा लिहा, झाकण लावा. पण जमिनीतल्या त्या खड्ड्यांत मीटरशेजारी कोण कोण राहतं ते यांना विचारावं. ओल, अंधार आणि वरून लोखंडी झाकण, म्हणजे साप आणि कोळी यांची आयती सोय. म्हणून यांची पद्धत ठरलेली. सळईने झाकणावर तीनदा ठोकायचं, दहापर्यंत मोजायचं, मग झाकणाची पलीकडची कड उचलायची, म्हणजे आत जे काही असेल त्याच्या आणि आपल्या मध्ये झाकण उभं राहतं. बरोबरचे लोक हसायचे. हसणाऱ्यांपैकी दोघे दवाखाना पाहून आले. यांना साधा ओरखडाही कधी आला नाही, आणि ही गोष्ट यांनी मला किमान हजार वेळा ऐकवली आहे.

तीच सवय घरात. आमचं घर गल्लीतलं शेवटचं. मागे बंद पडलेली दगडाची खाण, तिचा उतार थेट आमच्या अंगणात येतो, आणि त्या उतारावरून हवं नको ते सगळं येतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात यांनी मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी दारामागची काठी दाखवली. "ही मारायला नाही हं," म्हणाले, "कोपरे चाळवायला." बूट-चपला भिंतीवरच्या खुंट्यांना उलट्या टांगलेल्या, आणि पायात घालण्याआधी दोनदा जमिनीवर आपटायच्या. मागच्या दाराशी टॉर्च. पलंगावरून चादर खाली लोंबली की हे असे ओरडायचे, जणू मी गॅस चालू ठेवून बाजारात गेले. एकदा तर माझ्या पर्सवर टिचकी मारून मग ती उघडली. मी म्हटलं, "घरात विषारी मी एकटीच आहे, आणि मी तुमच्यासमोर उभी आहे."

एकटी नव्हते, हे खरं. मागच्या दगडी बांधात अंगावर पट्टे असलेला एक साप राहायचा, चांगला विषारी. आम्ही त्याला साहेब म्हणायचो, कारण खात्यातल्या साहेबांसारखाच तो न सांगता यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि कुणी आडवं गेलं नाही तर मुकाट्याने निघून जायचा. कुंड्यांखाली आणि विटांच्या फटींत काळे कोळी असायचे, पोटाखाली लाल ठिपका असलेले. तीस वर्षांत साहेब मला सहा-सात वेळा भेटले. पहिल्यांदा मी धुणं टाकून घरात पळाले, पुढे पुढे मी हातातला धुण्याचा पिळासुद्धा खाली ठेवेनाशी झाले. मी थांबायची, ते जायचे. आमची लेक तर चालायला लागली तशी बूट आपटायला लागली. शाळेतही आपटायची. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलगी रागीट आहे, घरी लक्ष द्या.

तीच लेक स्वतः आई झाली आणि भित्री झाली. एका खेपेला तिला बाथरूमच्या कोपऱ्यात सापाची कात दिसली, त्यानंतर तिने नातीला आमच्याकडे एक दिवसही ठेवलं नाही. आली की दिवसभर पोर कडेवर, आणि उन्हं उतरायच्या आत परत. यांना ते फार लागलं. बोलायचे नाहीत, पण नातीसाठी आणलेला लाकडी घोडा दर आठवड्याला पुसून ठेवायचे.

मग एक दिवस तिचा फोन आला. तिला सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, दुसऱ्या गावी. जावयांची पाळीची नोकरी. चार वर्षांच्या पोरीला ठेवायचं कुठे? एक पाळणाघर तिने बघून ठेवलं होतं. "पण आधी तुमच्याकडे येऊन बघते," ती म्हणाली. "घर बघते, मग ठरवते."

घर बघते! जिथे जन्मली ते. मला राग आला. यांना मात्र आनंदाचं भरतं आलं. फोन ठेवला आणि हे लगेच कामाला लागले.

पहिले पंधरा दिवस जे केलं ते अगदी बरोबर केलं, हे मी मान्य करते. सरपणाचा ढीग भिंतीपासून लांब नेला. शेजारच्या गवंड्याला बोलावून बांधाच्या फटी बुजवल्या, आधी तो रिकामा आहे ना हे दोन दिवस बघून. सांडपाण्याच्या तोंडाला जाळी बसवली. गवत कापलं. साहेबांनी बदली मागून घेतली असावी, दिसले नाहीत. पण शेवटच्या दिवशी बघते तर हे भिंतीवरच्या खुंट्या उपटत होते.

"अहो, हे काय?"

"उलटे टांगलेले बूट बघितले की तिला वाटेल, इथे अजून साप-कोळी आहेत."

"आहेतच की!"

"आहेत," हे म्हणाले, "पण सहा आठवडे नाहीत."

काठ्या माळ्यावर गेल्या. टॉर्च कपाटात. भिंतीवरचा दवाखान्याचा नंबर निघाला, तिथे फुलांचं कॅलेंडर आलं. दाराशी नवीन रॅक, त्यावर सगळ्यांचे बूट सरळ, ओळीने, दुकानात मांडतात तसे. मी यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण घोड्याला नवा लगाम बांधताना यांचा चेहरा बघितला आणि माझी जीभ आवरली. तिथेच चुकलं माझं. नको तिथे बोलते आणि बोलायचं तिथे गप्प बसते.

रविवारी सकाळी लेक आली. पोलिसासारखी खोल्यांमधून फिरली. पलंगाखाली वाकली, कपाटामागे बघितलं. काही सापडलं नाही. नात घोड्यावर बसली ती उतरेना. हे नुसते फुलून गेले होते. "चल, आजोबा तुला अंगण दाखवतात," म्हणाले, आणि रॅकवरचे बागेतले बूट घेतले. हात सवयीने वर गेला, मी बघितलं. मग त्यांची नजर खिडकीत उभ्या असलेल्या लेकीकडे गेली. हात खाली आला. बूट तसेच पायात घातले आणि बाहेर पडले.

दोन पावलं गेल्यावर हे थबकले. मग पुन्हा चालू लागले, हसत हसत. नातीला जाळी दाखवली, बांध दाखवला, पेरूचं रोप दाखवलं. मी पायरीवरून बघत होते. हवा चांगली गार होती आणि यांच्या कपाळावरून घाम गळत होता. हसू तसंच, जणू कुणी फोटोसाठी हसायला सांगून निघून गेलं आहे.

लेक धावतच बाहेर आली. "बाबा, खाली बसा. बूट काढा."

"कशाला? काही नाही."

"तुम्ही ते न आपटता घातलेत. मी बघत होते. काढा!"

अंगठा लाल झाला होता. तिने बूट काचेच्या बरणीवर उलटा केला आणि ठोकला. काळा कोळी टपकन आत पडला. तिने बरणीला झाकण लावलं, जखम साबणाने धुतली, फडक्यात बर्फ बांधून लावला आणि गवंड्याला गाडी काढायला सांगितली. सगळं इतकं भराभर, की मी उभीच राहिले. गाडीत यांच्या पोटात गोळे येऊ लागले. हे दातांवर दात आवळून म्हणत होते, "साधा कोळी आहे गं, साधा." तीस वर्षं ज्याने मला साधा कोळी नावाचा प्राणी नसतो म्हणून सांगितलं, तो माणूस!

डॉक्टरांनी बरणी बघितली, औषधं दिली, एक रात्र ठेवून घेतलं. सकाळी मी नातीला घेऊन गेले तेव्हा हे उशीला टेकून बसले होते. दुखणं बरंच उतरलं होतं, पण चेहरा पार पडलेला. लेक शेजारी खुर्चीवर.

हे तिला म्हणाले, "घेऊन जा तिला. पाळणाघर चांगलं आहे म्हणालीस ना? माझं घर बरोबर नाही."

मी मनात हिशेब केला: सहा आठवडे गेलेच, आणि बहुतेक पुढची वर्षंही.

"घर बरोबरच होतं, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, माझ्यासारखा. "मी तिथे वाढले. मुंगीशिवाय मला काही चावलं नाही. का, ते मी विसरले होते. आणि काल तुम्ही मला काय दाखवलंत? कॅलेंडर!"

हे पलंगावरून लोंबणारी चादर वर खोचू लागले.

"साप नाहीत म्हणणाऱ्याकडे मी पोरीला ठेवणार नाही. आहेत म्हणणाऱ्याकडे ठेवीन. घरी चला आणि खुंट्या ठोका."

हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. मीही रडले, नात आमच्याकडे बघून बिस्किट खात राहिली.

दोन दिवसांनी लेक प्रशिक्षणाला गेली. निघताना तिने पोरीला समोर उभं केलं आणि सांगितलं, "आजोबा थांब म्हणाले की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही." मागे काही दिवस पोरीला दुसऱ्या एका पाळणाघरात ठेवलं होतं, तेव्हा लेक तिथे दिवसातून चारदा फोन करायची, हे जावयांनीच मला सांगितलं होतं. म्हणून मी फोन शेजारी घेऊन बसले. पहिल्या दिवशी तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो बाबांचा अंगठा कसा आहे हे विचारायला.