मुकादमाची माती

आमच्या काळाचौकीच्या दीड खोलीत पाच जीव राहतात आणि त्यातल्या चौघांच्या मताला काडीची किंमत नाही. पाचवा मुकादम. तो सरडा आहे. (खरं तर ऑस्ट्रेलियाकडची निळ्या जिभेची सापसुरळी, पण एवढं सांगून होईपर्यंत पाहुणे खुर्चीवर चढलेले असतात.)

माझ्या लेकीच्या, सानिकाच्या, मैत्रिणीने परदेशी जाताना तो आमच्या गळ्यात मारला. नाव सासूबाईंनी ठेवलं. सासरे गिरणीत होते तेव्हा त्यांच्या खात्याचा मुकादम असाच पोट टेकून बसायचा आणि दुसऱ्यांच्या कामाकडे डोळे वटारून बघायचा म्हणे.

तर हा मुकादम आल्यापासून जेवेचना. अंडं नको, भोपळा नको. काचेच्या पेटीत अंथरलेला पेपर नुसता पंजांनी खरवडत बसायचा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला अंग पुरून घ्यायला भुसभुशीत माती द्या, नाहीतर असाच झुरून जाईल. सानिकाने ते ऐकून स्वतःचंही ताट सरकवलं, तेव्हा मात्र मी पदर खोचला.

आधी नवऱ्याने अक्कल चालवली. त्याच्या मित्राचा गणपतीचा कारखाना आहे, तिथून शाडूची माती आणली. रात्री पाणी शिंपडलं, सकाळी पेटीत लादी तयार! वर मुकादम, रंगकामाला थांबलेल्या मूर्तीसारखा.

मग कळलं की नारळाच्या सोडणाचा भुसा सगळ्यात उत्तम, दुकानात पाकिटात मिळतो. सोडण विकत? आणि ते आम्ही मालवणी माणसांनी? माझं डोकंच फिरलं. सासूबाईंनी धुपासाठी माळ्यावर पोतंभर सोडणं जपली होती. मी अर्धी काढली आणि वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्यांबरोबर थेट लालबागला, मसाला कुटतात त्या डंकावर नेली.

डंकवाला पोत्यात डोकावला आणि दोन पावलं मागे सरला. मी त्याला बजावलं, "आधी सोडणं कुटा, मग माझ्या मिरच्या. म्हणजे भुशाला तिखट लागायला नको." (बघा, किती विचार करते मी!) तो बिचारा सकाळपासून अख्ख्या लालबागच्या मिरच्या त्याच डंकात कुटत होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

भुसा छान तांबूस निघाला. सानिकाला रंगाची शंका आली. मी म्हटलं, अगं, ऑस्ट्रेलियाची माती लालच असते, त्याला माहेरी आल्यासारखं वाटेल.

मुकादमाला आत सोडलं. त्याने ती निळी जीभ बाहेर काढली, आत घेतली, माझ्याकडे बघितलं आणि शिंकला. सरडा शिंकतो हे मला त्या दिवशी कळलं. सानिकाने त्याला झटकन उचललं, कोमट पाण्याने धुतलं आणि गॅलरीत टबात ठेवलं. इकडे मी भुसा उपसायला गेले आणि धुरळा उडाला. नवरा शिंकला, सासूबाई शिंकल्या, शेजारच्या दोन खोल्याही शिंकल्या. डोळे उघडले तेव्हा टब आडवा आणि मुकादम गायब.

कपाटाखाली बघितलं, चपलांत बघितलं. सानिका त्याच त्या चपला पुन्हा पुन्हा झटकत होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला खरंच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात गॅलरीतून सासूबाईंची हाक आली. त्यांची तुळस तेलाच्या आडव्या कापलेल्या डब्यात आहे. गावची माती, तळाला कुजलेली सोडणं. आंघोळ न करता त्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि त्याच डब्यातली माती हलत होती. मी म्हटलं, संपलं. आज मी आणि मुकादम दोघंही घराबाहेर.

आम्ही चौघं उकिडवे बसून बघत राहिलो. त्याने नाक मातीत घातलं, पुढचे पाय अंगाला चिकटवले आणि सगळा देह हळूहळू आत सरकला. मातीने त्याला पोटात घेतलं. शेवटी नाकाचा शेंडा तेवढा वर राहिला. काचेच्या पेटीत वाढलेला जीव, माती त्याने कधी पाहिली होती का कुणास ठाऊक. पण कुणी न शिकवता इतकं नेमकं काम! माझ्या अंगावर काटा आला.

मी बोलणी खायला मान खाली घातली. पण वर बघते तर सासूबाईंनी चक्क हात जोडले होते.

"हलवू नको तेका," त्या हळूच म्हणाल्या. "जागा गावली तेका."

त्यांनी स्वतःच्या हाताने तुळस दुसऱ्या कुंडीत लावली आणि ती माती पेटीत घातली. संध्याकाळी मुकादमाने डोकं वर काढून सानिकाच्या हातचं अंडं खाल्लं. मग सानिका पोटभर जेवली. मी रडले. (मिरची गेली होती डोळ्यात, असं मी सांगितलं.)

आता तो चांगला गुबगुबीत झालाय. फक्त एक गोष्ट. डंकात सोडणं आधी गेली होती आणि त्यांच्या मागोमाग माझा वर्षाचा मसाला. त्यामुळे आमच्या बांगड्याच्या कालवणात अधूनमधून काथ्याचा धागा निघतो. सगळे तो गुपचूप ताटाच्या कडेला ठेवतात. मुकादम आमच्या तुळशीच्या मातीत झोपतो, आणि त्याच्यासाठी मी केलेली माती आम्ही चौघं रोज भाताबरोबर खातो.