कान तयार झाला

गाणं संपलं की डोळे उघडायच्या आधीच तो विचारायचा, "जबरदस्त झालं ना, काकू?" गाताना उजवा हात तो असा काही उडवायचा की शेजारचा पाण्याचा ग्लास मी आधीच लांब सरकवून ठेवायचे.

असा एखादा मुलगा तुमच्याही पाहण्यात असेल. सुरात नसलेला, आणि ते ज्याच्या गावीही नाही असा.

शहराबाहेरच्या एका विद्यापीठात मी गाण्याच्या वर्गांना हार्मोनियमची साथ करते. तिथे मुख्य विषय कुठलाही असला तरी जोडीला मायनर म्हणून गायन घेता येतं. आधी आवाज वगैरे कुणी तपासत नाही. याचा मुख्य विषय कॉम्प्युटर. राहायला आमच्याच काचीगुड्यात, दोन गल्ल्या सोडून. म्हणून मी मॅडम न होता काकूच राहिले. वडील रेल्वेत, आजोबा नांदेडकडून आलेले. लहानपणापासून तो जयंतीच्या मांडवात भीमगीतं गायचा. मी ऐकलं आहे ना! त्यानं आवाज लावला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. तिथे सूर कोण तपासतंय?

आमच्या वर्गाच्या खोलीत तानपुरा होता. सर त्याला नुसता सा लावायला सांगायचे.

"खाली आहे. अजून वर."

तो आवाज आणखी मोठा करायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा.

बरेच महिने असेच गेले. मग एका दुपारी सरांनी त्याचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवलं. याआधीही ऐकवलं होतं, तेव्हा तो खूश झाला होता. या वेळी ऐकता ऐकता त्याची मान खाली गेली.

"काकू, हा मीच आहे का?"

"हो रे."

"मी असाच गातो?"

"सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं," मी म्हणाले.

"सुरुवातीला कसं, काकू? मी लहानपणापासून गातोय."

त्यानंतर त्यानं जीव तोडून मेहनत केली. पहाटे गच्चीवर खर्ज लावायचा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आपांनी अगदी मायेनं सांगितलं, "बेटा, जरा अंदर बैठ के गा लो ना." तो आत बसून गाऊ लागला. कान इतका तयार झाला की माझ्या पेटीचा एक सूर उतरला आहे हे माझ्याआधी त्याला कळलं. गळा मात्र होता तिथेच राहिला. सूर किती खाली आहे हे आता त्याला नेमकं कळत होतं, आणि तो वर घेता येत नव्हता. "जबरदस्त" हा शब्द पुन्हा त्याच्या तोंडून आला नाही. आता तो विचारायचा, "लागला नाही ना?" मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणायचा, "नाही लागला."

सरांनी समजूत घातली, "अरे, उत्तम ऐकणारा होणं हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे."

"सर, मी ऐकायला आलो नव्हतो."

शेवटच्या परीक्षेला मंचावर बसून गायचं होतं. आईवडील आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. त्यानं यमन सुरू केला आणि चार ओळींत थांबला. "माफ करा." पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, पण आवाजच काढला नाही. मी पेटीवर सूर धरून बसले होते. तेवढ्यात वडिलांनी टाळी वाजवली. "गा बेटा, मस्त चालू आहे!"

त्यानं वडिलांकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून विसरता येत नाही. मग तो उठून आत गेला.

सरांनी त्याला पास केलं. मायनर पूर्ण झाली.

पुढे एकदा त्याची आई घरी आली. चहाला नको म्हणाली. "ताई, काय शिकवलं हो तुम्ही त्याला? टीव्हीवर गाणं लागलं की बंद करतो. ह्यांना दाढी करताना गुणगुणायची सवय, तर हा ताटावरून उठून जातो. आता हेही गप्प असतात. घरात आवाज म्हणून नाही."

त्या वर्षी जयंतीला माइकवरून त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं. तो मांडवात नव्हता.

नोकरी पुण्याला लागली. निघाला त्या दिवशी त्याच्या आईवडिलांबरोबर मीही स्टेशनवर गेले होते. वडिलांनी बॅग चढवली आणि सवयीनं एक ओळ त्यांच्या ओठावर आली. मुलाकडे बघून त्यांनी ती गिळली. मुलाच्या ते लक्षात आलं, तो दुसरीकडे बघू लागला. गाडी सुटली.

परतताना स्टेशनच्या पुलाच्या जिन्यात वडील थांबले. मला वाटलं, दम लागला असेल.

"ताई, खरं सांगा. मीपण बेसूरच गातो ना हो?"

त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. "कठडा धरून उतरा," मी म्हणाले.

"समजलं," ते म्हणाले, आणि कठडा धरून पायऱ्या उतरू लागले.