आमच्या घरची गरमी

‘उपदंश’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, उपासाचाच काहीतरी प्रकार असणार. पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या रक्ताच्या तपासणीबद्दल बोलत होत्या. मी पाचव्या महिन्यात होते. मी म्हटलं, "बाई, मी फक्त चतुर्थीचा धरते, आणि तोही पोटुशी असल्यापासून सोडलाय."

त्यांनी कपाळाला हात लावला. दाराशी बायकांची ही गर्दी, सगळ्यांचे कान आत. मग खुर्ची पुढे ओढून त्या हळूच म्हणाल्या, "अगं, गावात गरमी म्हणतात ना, ती. तुझ्या रक्तात दिसली आहे. तुझ्या नवऱ्यालाही असणार. दोघांना इंजेक्शन घ्यावं लागेल, बाळासाठी." एवढं बोलतायत तोवर आतून कुणाच्या तरी बाळंतपणाची हाक आली आणि त्या "उद्या दोघं या" म्हणत पळाल्या.

गरमी! हात्तिच्या! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. कारण पहिल्या खेपेला माझी मुलगी पूर्ण दिवस भरून आली होती, पण न रडताच. नाक-डोळे सगळं जागच्या जागी, नुसता आवाज नाही. त्यानंतरचं हे दुसरं. त्यामुळे कुणी डॉक्टर तोंड गंभीर करून समोर बसलं की मला आधी तीच आठवायची. आणि निघालं काय, तर गरमी! वैशाख चालू होता, घामाच्या धारा लागल्या होत्या, गरमी कुणाला नव्हती? मी एसटीत बसून आमच्या गडब गावापर्यंत गुणगुणत आले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"तरी मी सांगत होती! पोरगा त्या कंपनीत भट्टीपाशी उभा राहतो. तो गरमी घेऊन घरी येतो नि ती तुला लागते. दुसरं काय?"

बिचाऱ्या अक्षरशः खरं बोलत होत्या, पण ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. माझे यजमान तेव्हा डोलवीच्या बाजूला पोलादाच्या कारखान्यात कंत्राटावर लागले होते. शिफ्ट सुटली की लाल तोंड घेऊन यायचे. भट्टीची गरमी म्हटल्यावर कोण शंका घेईल?

झालं! सासूबाईंनी पदर खोचला. धण्याचं पाणी, भिजवलेला सबजा, आमसुलाचं सरबत, गुलकंद. दुपारी मला आडवं पाडून काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासलं. वाटी फिरली की पाय काळे होतात, हे घासणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण सासूबाई तो काळा राप बोटावर घेऊन शेजारणींना दाखवत होत्या. "बघा गो, बघा! ही निघाली गरमी!" शेजारणी मान डोलवत होत्या. एक तर म्हणाली, "माझी पण काढा ना, काकी." दुसऱ्या दिवशी ओटीवर रांग. आमच्या घरातलं तूप संपलं, पण गावाची गरमी काही संपेना. डॉक्टरीणबाईंच्या ‘उद्या दोघं या’चं काय? सासूबाई म्हणाल्या, सुई कशाला टोचून घ्यायची पोटुशा बाईनं, वाटीनं जातेय ना? मला ते पटलं. सुईपेक्षा तूप कुणाला नको?

इथवर ठीक होतं. पण सबजा संपला आणि सासूबाई स्वतः हायवेवरच्या दुकानात गेल्या. आमच्या गावचं दुकान म्हणजे दुकान कमी आणि चहाचा अड्डा जास्त. ट्रकवाले थांबलेले, सासरे कोपऱ्यात बाकड्यावर. सासूबाईंचा आवाज असा की भाताच्या खाचरापलीकडच्या माणसाला ओ द्यावी लागते. त्या म्हणाल्या, "सबजा दे रे चांगला. आमच्या सुनेला गरमी झालीय. मुलाला पण हाय. दोघांना हाय!"

दुकानदाराच्या हातून माप सुटलं. एका ट्रकवाल्याच्या नाकातून चहा आला. दुकानदार तर काउंटरवर डोकं टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूबाई सबज्याची पुडी घेऊन घरी आल्या त्या फणफणत. "माणसात माणुसकी राहिली नाय गो. कुणाला उन्हाचा त्रास झाला तर हसायचं असतं काय?"

मागोमाग सासरे आले. मान खाली, विडी उलटी तोंडात. पेटती बाजू ओठाला लागली तेव्हा कळलं त्यांना.

आता अडचण अशी, की आमच्याकडे सासरा सुनेशी असल्या विषयावर तोंडाने बोलत नाही. बोललाच तर भिंतीशी बोलतो, नाहीतर गुरांशी. मी अंगणात भांडी घासत होते. सासरे गोठ्याच्या दाराशी उभे राहिले, बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि खाकरले.

"तुला सांगतो, नीट ऐक. गरमी दोन जातीची असते. एक उन्हाची. ती सबज्यानं जाते."

बैल कडबा खात होता.

"दुसरी बाजारातली. माणूस नको तिथं जातो, तिथून आणतो, नि घरच्या बाईला देतो. ती सबज्यानं नाय जात. बादलीभर पी, नाय जात. वाटीनं घास, नाय जात. ती पोटातल्या पोराला खाते. आमच्या आज्याच्या वेळी माणसं कुजायची त्यानं. आता सुई हाय. डॉक्टरणीनं सुई सांगितली असंल तर सुईच घ्यायची, समजला? नि ज्यानं घरात आणली त्या रेड्याला सांग, सुई घेतली नाय तर औताला तुझ्या जोडीला त्याला जुंपीन."

लेकी बोले सुने लागे ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्याकडे बैला बोले सुने लागे झालं. माझ्या हातातला टोप घंगाळात पडला. सासऱ्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बैलाला एक थाप मारली आणि शेताच्या बाजूला चालते झाले. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जेवढी माया वाटली तेवढी सख्ख्या बापाबद्दलही वाटली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पेणला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि सगळं सांगितलं. हा रोग उन्हाने होत नाही, ताटातून होत नाही, संडासातून होत नाही. अंगसंगातून होतो. आधी तिथे एक फोड येतो, आणि मेला दुखत नाही! दुखला असता तर माणूस डॉक्टरकडे तरी गेला असता. औषध न घेताही तो आपोआप भरतो. मग अंगावर पुरळ, तळहातावर, तळपायावरसुद्धा, आणि खाज नाही. तेही जातं. माणसाला वाटतं बरा झालो. रोग मात्र रक्तात गुपचूप बसून राहतो आणि पुढे कित्येक वर्षांनी मेंदूला नाहीतर काळजाला धरतो. बाई पोटुशी असली तर बाळाला गाठतो.

"पहिल्या वेळी रक्त तपासलं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

कुठलं तपासतोय! तेव्हा आम्ही खाडीच्या वाऱ्याला दोष दिला. माझ्या माहेरच्या मिठागराला दिला. मी अवसेला बाहेर गेले होते म्हणून मलाही दिला, आणि मी तो घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्याचमुळे गेली असेल ती. पण हे बाळ वाचतं. अजून वेळ आहे." मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती.

आधी हाताच्या कातडीत थेंबभर टोचून बघितलं, कुणाकुणाला हे औषध सोसत नाही म्हणून. मग खरी सुई, कंबरेखाली. आई गं! मिठाची गोण कुणीतरी अलगद नव्हे, वरून टाकावी तसं झालं. दर आठवड्याला एक, अशा तीन घ्यायच्या होत्या. आणि बाईंनी बजावलं, नवऱ्याने घेतल्या नाहीत तर तू बरी होऊन पुन्हा आजारी पडशील. दोघांचं पुरं होईपर्यंत वेगळं झोपायचं. पुढेही शंका असेल तेव्हा निरोध. त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की लाजायचं मी विसरूनच गेले.

हे पहिल्या शिफ्टवरून आले. मी पाण्याचा तांब्या दिला नाही. म्हटलं, "दुखत नसलेला फोड कधी आला होता?"

तोंडाचा रंग बघायला हवा होता. भट्टीचा लाल रंग क्षणात उतरला. लग्नाआधी हे मिठाच्या ट्रकवर क्लीनर होते, त्या वेळची गोष्ट. फोड आला, दुखला नाही, गेला. मग तळहातांवर डाग आले. "मला वाटलं, मिठानं हात खाल्ले. खोबरेल लावलं. गेलं. मग लग्न ठरलं."

"खोबरेल!" मी ओरडले. आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. राग मावत नाही आणि हसू आवरत नाही. एका घरात एवढं तेल, तूप आणि सबजा लावला आम्ही लोकांनी, आणि रोग आपला आरामात! हे माझ्याकडे बघत राहिले. मग मी हसायची थांबले आणि सांगितलं, "आपली पोरगी त्यानं गेली."

ते खाली बसले. पण सुईचं काढलं तर म्हणाले, "पेणला नाय येणार मी. अर्धं पेण मला ओळखतं."

"मग तुमच्या बायकोला ओळखत नाही का? मी गेले ना?"

"नाय म्हणजे नाय."

"बरं. मग मी हायवेवर उभी राहते. सासूबाईंनी सबज्याचं सांगितलं, मी उरलेलं सांगते."

मला ओळखत होते ते. मी केलं असतं. शेवटी रोहा ठरलं. तिथे कातडीचा एक डॉक्टर होता आणि तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. कासू स्टेशनला जाऊन गाडी धरली. सासूबाईंनी वाटेत गरमी वाढू नये म्हणून सरबताची बाटली दिली होती. ह्यांनी टोपी डोळ्यांवर ओढलेली, त्यात त्यांचं अंग एवढं थोराड, सगळा डबा त्यांच्याकडेच बघत होता.

रोह्याच्या त्या दवाखान्यात शिरलो, तर बाकावर समोर कोण? आमचा दुकानदार! तोच, काउंटरवर डोकं टेकून हसलेला. पेपर तोंडासमोर, आणि पेपर उलटा.

हे म्हणाले, "तुम्ही इकडं कुठं?"

"दात दुखतोय," दुकानदार म्हणाला. "तुमचं?"

"दातच."

"व्हय काय. हल्ली दात लय दुखतात."

मी पदर तोंडात कोंबला. पेणची माणसं लपायला रोह्याला येतात आणि रोह्याची पेणला जातात, असं कंपाउंडरने मला नंतर सांगितलं. आतून आधी दुकानदाराचा आवाज आला, मग ह्यांचा. हे तर सुई बघूनच आडवे झाले. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस! कंपाउंडरने तोंडावर पाणी मारून उठवलं आणि मग टोचलं. बाहेर आले तेव्हा दोन्ही दातवाले एका हाताने कंबर धरून लंगडत होते. स्टेशनपर्यंत मी हसत गेले. ह्यांनी आधी तोंड फुगवलं, मग दुकानदाराकडे बघितलं, मग तेही हसायला लागले, आणि हसलं की कंबर दुखायची म्हणून ओरडायला लागले. दुकानदाराने पुढे त्याच्या बायकोलाही नेलं. पुढच्या आठवड्यांत आम्ही चौघं एकाच डब्यातून दात दाखवायला जात होतो.

मी ह्यांना लगेच माफ केलं, असं मुळीच नाही. कधी भाकरी करपवून वाढायची, कधी मुद्दाम मिठाशिवाय आमटी. ते मुकाट्याने खायचे. पण एकही सुई त्यांनी चुकवली नाही, आणि माझीही चुकू दिली नाही.

भाद्रपद सरत आला होता तेव्हा पेणला माझी सुटका झाली. मुलगी. बाहेर येतानाच ती अशी किंचाळली की दाई म्हणाली, "हिला वकील करा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचंही रक्त तपासायचं आणि पुढचे काही महिने तपासत राहायचं. त्यात शेवटी काही निघालं नाही, हे मी आताच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको.

ती आली तेव्हा हे शिफ्टवर होते. सकाळी धावत आले. मुलगी माझ्या कुशीत गाढ झोपलेली, मूठ गालाशी. सासूबाई म्हणाल्या, "घे की रे!" ह्यांनी हात पुढे केले नाहीत. पहिलीला ह्यांनीच हातांवर घेऊन खाडीच्या कडेला नेलं होतं. तीही अशीच दिसत होती, गाढ झोपल्यासारखी.

"रडली?" त्यांनी विचारलं.

"रडली की. सगळं पेण उठवलं."

"मी नाय ऐकलं."

तेवढ्यात नर्सबाई आल्या. बाळाची टाच पुसली, टोचली, आणि आमच्या बयेने जो टाहो फोडला! लाल झाली, पाय झाडले, श्वास कोंडून पुन्हा ओरडली. सासूबाई नर्सवर धावून गेल्या, "एवढ्याशा जीवाला टोचता, हात कसा धजतो गो तुमचा?" आणि तिला उचलून जोजवायला लागल्या, गप गो बाय, गप गो माझी बाय.

हे भिंतीला टेकले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"अरे, आता तुला कुणी टोचलं?" सासूबाई म्हणाल्या.

"रडू दे, आई," हे म्हणाले. "तिला कुणी गप्प करू नका."