मुडशिंगीच्या मावशीची नऊ कार्डं

कुणावर लिहावं एवढा माझा वकूब नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: गडमुडशिंगीच्या दूधवाल्या मावशीइतका हट्टी विद्यार्थी साऱ्या कोल्हापुरात झाला नसेल.

मावशी पहाटे म्हैस घेऊन गावाहून चालत यायची, आमच्या गल्लीत गिऱ्हाइकांसमोर धार काढून द्यायची आणि मग म्हैस देवळाच्या खांबाला बांधून बायकांच्या साक्षरता वर्गात येऊन बसायची. वर्ग आम्ही कॉलेजची मुलं चालवायचो. मी एकोणीस वर्षांचा, ती पन्नाशीपुढची. तरी मला 'मास्तर' म्हणायची आणि दटावायचीही. मला उशीर झाला की सगळ्या बायकांदेखत म्हणे, "म्हस येळंवर धार देती, मास्तर. तुला काय धाड भरली?" जाता-येता दुकानांच्या पाट्या एकेक अक्षर लावत वाचायची आणि पाटी पुरी झाल्याशिवाय म्हैस हलवायची नाही. मागं टांगे खोळंबायचे. एखादा टांगेवाला ओरडलाच तर म्हणायची, "थांबा की पावणं, अजून 'भांडार' ऱ्हायलंय!"

पुस्तकाशी मात्र तिचं जमलं नाही. "ग गवताचा कशाला शिकू? माझ्या पोरीच्या कार्डात गवत न्हाय." तिचा सगळा खटाटोप लेकीच्या पोस्टकार्डांसाठी होता. लेक चौथी शिकलेली, इचलकरंजीला कापडाचे माग चालवणाऱ्या एकाच्या घरी दिलेली. ती कार्ड भरून लिहायची. मावशी विधवा, दिराच्या घरात राहणारी, दीर कार्ड वाचून सांगायचा, "सगळं खुशाल हाय." नऊ कार्डं आली, नऊच्या नऊ कार्डांत खुशाल. "एवढं बारीक लिवलंय आनि निस्तं खुशाल?" मावशीनं विचारलं. मी म्हणालो, "मावशी, द्या इकडं, मी वाचतो." तिनं कार्डं पदराखाली ओढली. "दिरानं बी वाचलंच की. कोन खरं वाचतंय, मला कसं कळावं? तू शिकीव. वाचनार मी."

सात महिने लागले. एके दिवशी तिनं एका ओळीखाली बोट धरलं आणि वाचलं, "आई, मला घेऊन जा." दुसरं कार्ड काढलं, त्यातही तेच. तिसऱ्यात सासूच्या माराचं होतं. माझी मान वर होईना. तिनं कार्डं पदरात बांधली, म्हैस सोडली आणि वाटेला लागली.

त्यानंतर ती आलीच नाही. चार अक्षरं आली आणि म्हातारी पळाली, असं गल्ली म्हणाली. मला वाटायचं, 'खुशाल' होतं तेच बरं होतं का? पुढं परीक्षा झाली, नोकरी साताऱ्याला लागली.

गेल्या महिन्यात मुडशिंगीचे एक गृहस्थ एस.टी.त भेटले. मी भीत भीतच विचारलं. ते हसायलाच लागले. "अवो, ती म्हशीसकट इचलकरंजीला गेलती! व्याह्याच्या दारातच बांधली म्हस. म्हनली, 'पोरगी द्या, मग म्हस हलंल.' सगळी गल्ली गोळा झालती." लेक तिनं आणलीच; पण दिरानं दोघींना घर बंद केलं, तेव्हा मायलेकींनी गावाबाहेर छप्पर घातलं आणि दुधावर चार वर्षं काढली.

"आणि आता?" मी विचारलं.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हातारी ह्या पावसाळ्यात गेली. लेक हुती उशाला."