मागं कोण बसतं?

टायरच्या दुकानात मी पंक्चर काढून घ्यायला थांबलो होतो. शेजारी एक तरुण आपल्या लाल स्पोर्टी गाडीसाठी मोठी, काळी अलॉय चाकं निवडत होता. त्यांचे टायर पट्टीसारखे पातळ होते.

"मागं कोण बसतं?" दुकानदारानं विचारलं.

"आई. मणक्याचं ऑपरेशन झालंय."

"मग दादा, प्रत्येक खड्डा माउलीच्या पाठीत जाईल."

"आवडलीत ना? घे रे," दुकानातल्या बाकावर बसलेली त्याची आई म्हणाली.

गाडीचा रुबाब रस्त्यावरच्यांना दिसतो. रस्ता मात्र आत बसलेल्यालाच कळतो. तरुणानं बऱ्याच वेळानं जाड टायरांची लहान चाकं बसवून घेतली.

रिवाजाप्रमाणे चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आईला मागं बसवून त्यानं लिंबं चिरडत गाडी पुढं घेतली.

दुकानासमोरच गाडी थांबली आणि मागची काच खाली झाली. "अरे, लिंबं फुटली का?" आईनं विचारलं.